एक नर, एक जोडी

२८ मार्च

प्रिय वहिनी,

छोट्या धनेशाचं नाव संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीतून निघणार आहे. काल दुपारी आमच्या यादीप्रमुख बाईंनी तसं पक्कं सांगितलं. समितीच्या पंधरा मेच्या बैठकीत शिक्कामोर्तब व्हायचं तेवढं बाकी आहे. ऑफिसात सगळे एकमेकांचं अभिनंदन करतायत आणि मी कोपऱ्यात बसून तुला लपून पत्र लिहितेय.

तुला पक्ष्यांचा कंटाळा आहे, तरी थोडं वाच. छोटा धनेश म्हणजे कावळ्याहून जरासा मोठा, तपकिरी, चोच पिवळट. वीण आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते, चिखल आणि विष्ठेने दार आतून लिंपून घेते आणि बोटभर फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच. नर फळं आणून त्या फटीतून भरवतो. मादी दिसतच नाही, म्हणून आम्ही नर मोजतो. ठरलेल्या पायवाटेने चालायचं, मादी बिचकू नये म्हणून ढोलीजवळ जायचं नाही, चोचीत फळ घेतलेला नर दिसला की लिहायचं : एक नर, एक जोडी.

बाकी सगळ्या जंगलांत हा पक्षी कमी होतोय. एकाच जंगलात तो गेल्या वर्षी एकदम तिप्पट झाला आणि यंदाही तेवढाच आहे. ते जंगल दादाचं, तिथली मोजणी तोच करतो. त्या एका आकड्यावर सगळी यादी हललीये. नाव निघालं की जंगलाच्या दक्षिण भागाचं संरक्षण उठेल, आणि तो भाग प्लायवूडच्या कारखान्याने आधीच मागून ठेवलाय.

आता खरं काय ते लिहिते. चहाच्या टेबलावर परवा एकजण म्हणाला, "तुमच्या दादांना कारखान्याची जीप मानवलेली दिसते." मी हसले. घरी गेल्यावर मात्र हसू आलं नाही.

दादा पैसे खाणाऱ्यातला नाही, हे मला माहीत आहे. पण पक्षी तिप्पट होत नाहीत, हेही माहीत आहे. तू जरा लक्ष ठेव. कोण येतं, कोण जातं, तो कुणाबरोबर फिरतो. फोन नको, तुमच्या फोनशेजारी तो बसलेलाच असतो. मी तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर लिहीन. तू मला ऑफिसच्या पत्त्यावर लिही, आमच्या इमारतीतलं टपाल जिन्यात पडून राहतं.

तुझी
ठमी

४ एप्रिल

प्रिय ठमे,

नणंदेने भावजयीला तिच्याच नवऱ्यावर पाळत ठेवायला सांगावं, हे मी आजवर ऐकलं नव्हतं. सासूबाई असत्या तर दोघींना एकाच खोलीत कोंडलं असतं.

ती जीप तुमच्याच खात्याची आहे. तिचा एक दरवाजा दोरीने बांधलाय. कारखान्याने लाच म्हणून अशी जीप दिली असेल तर कारखाना लवकरच बुडेल. कारखान्याचा व्यवस्थापक इथे येतो, पण माझ्या दुकानात, चष्म्यासाठी. त्याला सोनेरी फ्रेमशिवाय काही चालत नाही. नाव घेण्यापेक्षा मी त्याला सोनेरी फ्रेमच म्हणते. तुझ्या दादाशी त्याचं बोलणं 'बरंय ना' एवढंच.

आता मी विचारू? पक्षी यादीत राहिला तर कुणाचं भलं होतं? पक्षी संकटात असेपर्यंत तुझं खातं चालतं, तुझी खुर्ची राहते. मी असं म्हणत नाही. चहाच्या टेबलावर कुणी म्हणू शकेल, एवढंच. संशयाला काय लागतं गं, एक कप चहा पुरतो.

मोजणीचं म्हणशील तर ती डोळ्यांत तेल घालून झालीये. ओढ्याच्या वळणावरचा तो नर घे. त्याच्या वरच्या चोचीचा टवका उडालाय, फळ धरताना मान जरा तिरकी करतो. असा पक्षी कुणी मनातून काढून लिहितं का? तुझ्या दादावर विश्वास ठेव, नाहीतर त्याला सरळ विचार. मला मधे घेऊ नकोस.

जेवत जा वेळेवर.

तुझी
वहिनी

१० एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. खुर्चीचा टोला लागला. लागायलाच हवा होता, मी पण दगड मारलाच होता.

पण एक सांग. जळवांच्या भीतीने तू लग्नानंतर एकदाच जंगलात गेलीस आणि परत येऊन गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून दोन तास बसलीस. ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. मग त्या नराची मान तिरकी होते, हे तुला कसं माहीत? दादाने सांगितलं म्हणशील. दादा मला कधी असलं सांगत नाही. त्याच्या तोंडी नर म्हणजे नर. टवका, मान, फळ कसं धरतो, असलं बघणं त्याचं नाहीच. ते चष्म्याच्या काचा तपासणाऱ्या माणसाचं आहे.

आणखी एक. गेल्या वर्षी आणि यंदाही त्याने एकही फोटो पाठवलेला नाही. मागितले की म्हणतो, उजेड नव्हता. दोन्ही वर्षं उजेडच नव्हता?

कुठेतरी पाणी मुरतंय आणि ते तुलाही माहीत आहे. तो एकटा असता तर मी एवढी घाबरले नसते. आता वाटतं, तुम्ही दोघं मिळून काहीतरी झाकताय. बैठकीआधी आकडे तपासायला कुणालातरी पाठवा, असं मी मागू शकते. तो परका माणूस असेल. त्याला खोटं सापडलं तर दादाची नोकरी जाईल, आणि आयुष्यभर राखलेलं जंगलही त्याच्या हातून जाईल. त्याआधी मला सांग.

तुझी
ठमी

२२ एप्रिल

प्रिय ठमे,

उत्तराला उशीर झाला. दोन पत्रं लिहून फाडली.

तुझ्या दादाला दिसत नाही. म्हणजे अगदीच दिसत नाही असं नाही. घरात वावरतो, जीप चालवत नाही, पेपर खिडकीशी नेऊन तिरका धरतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात पिकलाय. मी हे तपासून सांगत नाही, कारण तो माझ्या खुर्चीत बसतच नाही. आख्खं गाव माझ्याकडे डोळे तपासून गेलं आणि घरचा माणूस म्हणतो, "मला काय झालंय?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गेल्या वर्षी वीण सुरू झाली तेव्हा त्याने माझ्यापुढे दुर्बीण ठेवली. म्हणाला, "जरा चल माझ्याबरोबर. पाय मोकळे होतील." पाय मोकळे करायला कुणी जळवांच्या जंगलात नेतं का? मी समजले. तोही समजला, की मी समजले. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. तेव्हापासून तो जीपच्या दोरीच्या बाजूला बसतो, मी चालवते. पायवाटेवर तो हाताला धरून चालतो, मी बघते आणि सांगते, तो लिहून घेतो. जळवा आता मलाच ओळखतात.

ऑपरेशन कर म्हटलं तर म्हणतो, विणीत नको. वीण संपली की म्हणतो, रजेच्या अर्जात डोळ्यांचं कारण लिहावं लागेल, मग मला ऑफिसातल्या टेबलाशी बसवतील. तुझा भाऊ आतून भिंत लिंपून बसलाय. बोटभर फट ठेवलीये, तिथून मी भरवते.

आता तुझ्या संशयाचं. पैसे नाहीत, जीप नाही, खोटं नाही. आकडे खरे आहेत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत आणि माझे डोळे चांगले आहेत. मी प्रत्येक नर वेगळा ओळखते. ओढ्याच्या वळणावर टवक्या. उंबराखाली शेपट्या, त्याच्या शेपटीचं एक पीस अर्धं आहे. पुलापाशी तिसरा, त्याचा गळा बाकीच्यांपेक्षा पिवळा आहे, त्याला मी हळद्या म्हणते. तुझ्या दादाच्या वेळी हे तिघं एकच वाटले असते. तो एका वेळी जेवढे दिसतील तेवढेच धरायचा, कारण त्याला सगळे सारखे. मी फरक ओळखते म्हणून आकडा वाढला. तीन नर, तीन जोड्या. नियम तुझाच आहे.

हे पत्र वाचून फाड. त्याला कळलं तर माझ्याशी बोलायचं बंद करेल, आणि तो बोलायचा बंद झाला की घर फार मोठं वाटतं.

तुझी
वहिनी

२७ एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्र फाडलं. पाकीट राहिलं, मागे तुझ्या दुकानाचा पत्ता छापलाय म्हणून ठेवलं.

आधी रडले. मग एक गोष्ट डोक्यात शिरली आणि रडणं थांबलं. दादाच्या डोळ्यांबद्दल मला कसं कळलं नाही, याचा हिशेब नंतर करू. आधी हे वाच.

तू तीन नर तीन ठिकाणी पाहिलेस. ढोल्या किती पाहिल्यास? माझ्या आठवणीप्रमाणे एकही नाही, कारण ढोलीजवळ जायचं नाही हा नियम आहे, आणि तू नियम पाळणारी आहेस.

टवक्या, शेपट्या आणि हळद्या फळ घेऊन कुठे जातात ते बघ. एक सकाळ काढ. पायवाट सोड, झुडपाआड बस, मादीला त्रास होणार नाही एवढ्या अंतरावरून. दादाला बरोबर ने. मला काय वाटतंय ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर तू तेच बघशील, मग तुझ्या चांगल्या डोळ्यांचा उपयोग काय?

तुला राग येईल की ही अजून संशय घेते. घेते. पण आता तुझा नाही, दादाचाही नाही. ज्या कागदावर 'एक नर, एक जोडी' असं लिहिलंय, तो मोठ्या धनेशासाठी तयार झाला होता. मोठ्याचा नियम छोट्याला लावताना आम्ही फक्त वरचं नाव बदललं. तो बदल करणाऱ्यांत मीही होते.

तपासनीस मागवलेला नाही. तुझ्या उत्तरापर्यंत थांबते. दिवस थोडे आहेत.

तुझी
ठमी

५ मे

प्रिय ठमे,

गेलो. बसलो. जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगते.

शेपट्याच्या मागे मागे गेलो तर ओढ्यापलीकडे जुन्या झाडाची ढोली सापडली. दार लिंपलेलं, फटीतून चोचीचं टोक दिसत होतं. आम्ही करवंदीच्या जाळीआड बसलो. मी दुर्बिणीला डोळा लावला, तो नेहमीसारखा माझ्या खांद्याला खांदा लावून.

मी म्हटलं, "शेपट्या आला. भरवतोय. गेला."

"हं."

थोड्या वेळाने म्हटलं, "टवक्या आला."

"कुठे?"

"इथेच."

"इथेच म्हणजे?"

"याच ढोलीवर. मान तिरकी करून फळ देतोय. आतून घेतलं."

त्याने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, जळू चावली असेल. मग हळद्या आला, चोचीत काहीतरी लालसर घेऊन. त्यानेही तिथेच भरवलं. शेपट्या वरच्या फांदीवर बसून बघत होता, त्याने हाकललं नाही की भांडला नाही. मी सांगितलं तसं तुझा दादा म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं.

"म्हणजे एकच घर," तो म्हणाला. "एक बाप असेल, दोघं थोरले मुलगे. आईला भरवतायत."

मी म्हटलं, "मग माझ्या तीन जोड्या?"

"एक."

मला हसू येईना, रडू येईना. दोन वर्षं मी अभिमानाने एकेकाला ओळखत होते. एवढं नीट पाहिलं म्हणूनच चुकलं. माझी नजर अधू असती तर आकडा बरोबर आला असता.

मग तो जे म्हणाला ते ऐक. "मला ऐकू यायचं गं. तू कधी वळणावर म्हणायचीस, कधी पुलापाशी, पण पंखांचा आवाज दरवेळी जायचा एकाच दिशेला. वाटलं, डोळे गेले तसे कानही गेले. तुला सांगितलं असतं तर डोळ्यांचंही सांगावं लागलं असतं."

दोन वर्षं माणूस स्वतःच्या कानांवर संशय घेत माझ्या शेजारी बसला होता. जीपपर्यंत आलो, दोरी सोडली, तो बसला. म्हणाला, "दुकान उघडं आहे का?"

परवा माझ्या खुर्चीत बसला. उजव्या डोळ्याने माझी बोटंसुद्धा मोजता आली नाहीत. डाव्याने तक्त्याची पहिली ओळ, तीही अंदाजाने. मी म्हटलं, "पाठ केलंयस." म्हणाला, "गावातल्या सगळ्यांनी मोठ्याने वाचलंय, भिंतीपलीकडे मी चहा पीत असतो."

दोन्ही वर्षांचे आकडे दुरुस्त करून खात्याला पाठवायचे, आणि चूक कशी झाली तेही लिहायचं, डोळ्यांसकट, असं तो म्हणतोय. मी अडवलं नाही.

आता जे मला खुपतंय ते. काल सोनेरी फ्रेम आला. चष्मा तयार होता. काच पुसता पुसता म्हणाला, "ताई, साहेबांचे डोळे कसे आहेत आता?"

मी म्हटलं, "कुणाचे?"

"आपल्या साहेबांचे. दोन वर्षं तुम्हीच मोजताय म्हणे. चांगलं आहे, घरचं माणूस. आमच्याकडून कुठे बोललं जाणार नाही. आकडे आहेत तसे राहू देत, म्हणजे कुणाला काही विचारावं लागणार नाही."

मी म्हटलं, "नाकावर घट्ट होतोय का बघा." तो म्हणाला, नाही. म्हटलं, "मग निघा."

ठमे, डोळ्यांची गोष्ट मी जगात एकाच माणसाला लिहिली होती. तू कुणाला सांगितलीस?

वहिनी

९ मे

प्रिय वहिनी,

तू 'तुझी' लिहिलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं.

मी कुणाला सांगितलं नाही. तुझं पत्र आलं आणि मी ते जुनं पाकीट शोधून काढलं, बावीस एप्रिलचं. तुझ्या दुकानाची पाकिटं चाटून बंद होणारी. त्याच्या झाकणावर तुझ्या गोंदाच्या पट्टीवरून आणखी एक जाडसर थर आहे. पिवळा, बाटलीतला, कडेने ओघळलेला. आमच्या ऑफिसात तसलाच गोंद आहे. बाकीची पाकिटं मी ठेवली नाहीत. तुझ्या पाच मेच्या पत्राचं पाकीट मात्र समोरच होतं, तेही नीट पाहिलं. त्यावरही तोच थर.

आमच्याकडे टपाल आधी एका खोलीत जातं, मग टेबलांवर वाटलं जातं. ती खोली यादीप्रमुख बाईंची. नाव यादीतून निघणार, हे मला पक्कं सांगणाऱ्याही त्याच. एवढ्यावरून कुणाला चोर म्हणता येत नाही. त्या खोलीत शिपाई जातो, टंकलेखक जातात, चहावालाही जातो. पुरावा नाही म्हणून मी नाव घेत नाही, फक्त रस्ता बदलते. आजपासून पत्र घरच्या पत्त्यावर. जिन्यात पडलं तरी तिथे गोंदाची बाटली नाही.

काल दादाचा फोन आला. तू दुकानात असशील. म्हणाला, "ठमे, पत्र लिहिलंय, वाचून दाखवू?" मी म्हटलं, "तुला वाचता येतं का?" म्हणाला, "पाठ आहे." आकडे, तिन्ही नर, एक ढोली, स्वतःचे डोळे, तुझं नाव, सगळं घातलंय. तुला मोजायला नेण्याची परवानगी घेतली नव्हती, हेही. मी सांगितलं, ते ऑफिसच्या पत्त्यावर टाकू नकोस. माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव. मी समितीच्या सातही सदस्यांना एकेक प्रत हातात नेऊन देते. दोघांशी आजच बोलले. त्यांतल्या वनस्पतीवाल्या बाई म्हणाल्या की पंधराची बैठक होईल, पण छोट्या धनेशाचा निर्णय पुढे ढकलायचा, असा ठराव त्या स्वतः मांडतील. तोवर बाकीच्या जंगलांतही नराऐवजी ढोल्या मोजाव्या लागतील. मला वाटतं, बऱ्याच ठिकाणी आकडा आहे त्याहूनही खाली येईल.

दादाला मोजणीवरून काढतील, बहुधा. तो म्हणाला, "काढू देत. पण मादी बाहेर येईपर्यंत नाही." ऑपरेशनची तारीख त्याने त्यानंतरची घेतलीये. खरं आहे का ते तू दवाखान्यात विचारून घे, त्याच्यावर माझा अजून पूर्ण विश्वास नाही.

सोनेरी फ्रेम पुन्हा येईल. काच सैल झाली म्हणेल किंवा काडी वाकली म्हणेल. आला तर बसव, काडी सरळ करून दे आणि सांग, साहेबांच्या डोळ्यांची गोष्ट आता सात जणांना माहीत आहे, आठवं कुणी हवं असेल तर खुशाल सांगा.

मी शनिवारच्या सकाळच्या गाडीने येते. बैठक आटोपलेली असेल, काय ठरलं ते तोंडीच सांगेन. दादाच्या हिशेबाने त्यानंतरच्या आठवड्यात कधीतरी ती मादी भिंत फोडायला घेईल. आपण तिघं त्या जाळीआड बसू. आतून माती पडायला लागली की दादाला आधी कळेल, दार मोकळं झालं की तुला आधी दिसेल. माझ्या अंदाजाने त्या ढोलीतून एकच मादी येईल आणि मागून पिल्लं. पण हे तू वाचलंस ते विसर, आणि जेवढ्या येतील तेवढ्या सांग.

गरम पाण्याची बादली तयार ठेव. जळवा मला अजून ओळखत नाहीत.

तुझी
ठमी